बिनझाकणाचा वाडगा

रुमाह एंगोंग, १४ मार्च

आदी जारित,

हे पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा तुमच्या कचेरीतली ती गादीची खुर्ची ओढून नीट बस आणि मग वाच.

तक्रार अशी. नाताळात तू आलास, दुरियान फळाच्या लोणच्यावर आडवा हात मारलास आणि जाताना उरलेलं लोणचं माझ्या निळ्या चिनी वाडग्यासकट घेऊन गेलास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाहुण्यानं वाडगा नेणं ही या नदीवरची जुनी चाल आहे. पण माणूस वाडगा नेतो तेव्हा झाकणही नेतो. तू झाकण इथंच टाकून गेलास. आता ते फळीवर एकटं बसलंय. त्यात काही ठेवता येत नाही आणि ते कशावर बसत नाही. किटलीवर बसवून पाहिलं, घसरलं. या लांब घरात अख्खं गाव एका छपराखाली, त्यामुळे येणारा-जाणारा विचारतो, "रिन्या, याचा वाडगा कुठंय?" मी सांगते, "सरकारी नोकरीत."

तर तो परत कर. तू धाकटा आदी असलास तरी मी थोरली आका आहे, असा अन्याय मी फार दिवस सोसणार नाही.

आता एक किरकोळ गोष्ट. आपल्या इबान बोलीतल्या धर्मग्रंथाच्या नव्या प्रती आम्ही चर्चकडून मागवल्या होत्या. तो खोका सिबूच्या धक्क्यावर अडकलाय. उन्तिंग, आपला लांब होडीवाला, आणायला गेला होता. कस्टमवाला त्याला म्हणाला, "बंदी आली आहे."

"कशावर?"

"पुस्तकावर."

"कुठल्या?"

"जे तुझी आई रविवारी मांडीवर घेऊन बसते, त्या."

उन्तिंग हसला. त्याला वाटलं, पोरगा नवा आहे, ओळख वाढवायला थट्टा करतोय.

नव्या प्रती आम्हाला चैन म्हणून नको आहेत. जुन्या प्रती वाळवीनं खाल्ल्यात. त्यातल्या त्यात माझी बरी, म्हणून रविवारी मी त्यातूनच मोठ्यानं वाचते. जलप्रलय येतो, नौका बांधून होते, जनावरं जोडीजोडीनं वर चढतात, आणि पुढची पानं वाळवीच्या पोटात. आमच्या इथली जनावरं कधीची नौकेत उभी आहेत. कुणी त्यांना खाली उतरवत नाही. पोरं विचारतात, "मग हत्तीनं खाल्लं काय?" मी काय सांगू?

तू त्या छापील मजकुराच्याच खात्यात आहेस. जरा विचारून बघ, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. तुझी आई पहिल्या रांगेत बसते आणि मी अडखळले की तुझं नाव घेते. "जारित वाचायचा तेव्हा पाण्यासारखं वाचायचा." मावशी म्हणून ऐकून घेते.

आका रिन्या

ता.क. घर बदललं म्हणालास आणि नवा पत्ता दिला नाहीस, म्हणून कचेरीच्या पत्त्यावर लिहितेय.


कुचिंग, २२ मार्च

आका रिन्या,

वाडग्याबद्दल दिलगीर आहे. बायको त्यात किल्ल्या ठेवते. योग्य वेळी परत करण्यात येईल.

पुस्तकाबद्दल. बंदी आहे हे खरं. पण लोकांना वाटतं तसं हे कुणा एका माणसाचं काम नसतं. आधी कुणाची तरी तक्रार येते, मग अहवाल मागवतात, तो समितीपुढे जातो, मग आदेश निघतो. आक्षेप एवढाच आहे की त्यात देवाला हाक मारायचा शब्द आणि दुसऱ्या धर्मातला शब्द एकच आहे, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. 'होऊ शकतो' असं म्हटलंय, 'होतो' असं नाही. हा फरक तुम्ही लोक लक्षात घेत नाही. अहवाल लिहिणाऱ्यानं फार सौम्य शब्द वापरलेत, असं माझ्या कानावर आहे.

सध्या रुआईच्या सामाईक ओसरीवर सगळ्यांसमोर वाचू नका. प्रती माळ्यावर टाका. काही महिन्यांत वारं बदलेल. असे आदेश मी पुष्कळ पाहिलेत.

माझी तब्येत बरी नाही. भाताला चव लागत नाही. घंटा वाजली की दचकतो. परवा शिपायानं मागून हाक मारली तर अख्खा चहा शर्टावर सांडला. डॉक्टर रक्तदाब म्हणतो. आईला सांगू नकोस.

जारित


रुमाह एंगोंग, ६ एप्रिल

आदी जारित,

'आईला सांगू नकोस' म्हणजे सांग, हे मी लहानपणापासून ओळखते. सांगितलं. काय झालं ते पुढे लिहिते, क्रमानं लिहू दे.

आधी तुमचा आदेश. तो आमच्यापर्यंत खारवलेल्या माशाभोवती गुंडाळून आला. वर्तमानपत्र तेलकट होतं, पण एक ओळ वाचता आली. 'सदर भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्याच्या अहवालावरून.' मी तेवढी रुआईवर मोठ्यानं वाचली. म्हणजे आपलाच कुणीतरी. इबान माणूस. ज्याला आईनं याच बोलीत झोपवलं, याच बोलीत मारलं.

मग मी बोलले. तू म्हणशील, तू केव्हा गप्प होतीस? पण या वेळी मला स्वतःलाच माझं कौतुक वाटलं. म्हटलं, हा कोण गाढव आहे ते मला बघायचंय. अख्ख्या खात्यात ज्याला ती भाषा येते असा हा एकटा. बाकी कुणाला अक्षर लागत नाही, म्हणजे गोंधळ होण्याची सोय फक्त यालाच. आणि हाच लिहितो की लोकांचा गोंधळ होईल! उन्तिंग म्हणाला, "खालच्या नदीचा असणार. तिकडचे पगार दिसला की मान डोलावतात." सगळे हसले. मावशीसुद्धा हसली.

मग तुआई एंगोंगनी सगळ्यांना बसवलं. घराचा मुखिया म्हणून त्यांनी रीतसर न्यायच मांडला. कुणी म्हणालं, सरकारला दंड करा. तुआई म्हणाले, "करू. पण दंड करायचा तर दोघं समोरासमोर बसायला पाहिजेत. सरकार बसणार कुठं? त्याला बूड कुठंय?" त्यावर बराच खल झाला, भाताच्या दारूची, तुआकची, एक घागर संपली, आणि सरकारला माफ करण्यात आलं.

तेवढ्यात मावशीनं तुझं पत्र मागितलं. तब्येतीचा भाग मी वाचून दाखवला. तुआईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "रक्तदाब नाही. पोराचा जीव हललाय. जिथं असली कामं होतात त्या घरात रोज बसतो, दुसरं काय होणार?" मावशी रडायला लागली.

तेव्हा रीतीप्रमाणे तुला लोखंड पाठवलंय. तुआईंच्या जुन्या कोयत्याचं पातं आहे, वीतभर, बिनमुठीचं. मावशीनं लाल कापड दिलं, मी कोंबडा दिला. त्याचं रक्त पात्याला लावलंय, ते सुकलेलं दिसेल, घाबरू नकोस. ते उशाखाली ठेव. जीव घट्ट होईल.

लोखंडाबरोबर झाकणाचा वाडगा द्यावा लागतो, नाहीतर घट्ट झालेला जीव राहणार कशात, हे मला माहीत आहे. मावशीनंही आठवण केली. मी म्हटलं, "वाडगा त्याच्याकडेच आहे, माझाच." ती म्हणाली, "आणि झाकण?" मी म्हटलं, "वाडगा परत आला की झाकणाचं बघू." तत्त्व म्हणजे तत्त्व.

पाकीट उन्तिंगनं आधीच टपालात टाकलंय. 'जारित, पुस्तकबंदीचं खातं, कुचिंग' एवढं लिहिलं, पोचेल ना? लोखंडावर देणाऱ्याचं नाव नसतं, म्हणून पाकिटावरही घातलं नाही.

आका रिन्या


कुचिंग, १९ एप्रिल

आका,

पोचलं.

टपालाच्या खोलीत उघडलं गेलं. आम्ही बंदीचा आदेश काढलाय, बाहेर चर्चचे लोक मेणबत्त्या घेऊन उभे आहेत, विरुद्ध बाजूचे लोक फलक घेऊन उभे आहेत, दोन्हीकडचे वकील कोर्टात गेलेत, आणि अशा वेळी आमच्या टपालात लाल कापडात गुंडाळलेलं, रक्त लागलेलं पातं येतं. वर माझं नाव. पाठवणाऱ्याचं नाव नाही. टपालवाली बाई किंचाळली ती चौथ्या मजल्यावर ऐकू आली.

आता माझ्या दारात पोलीस बसतो. भला माणूस आहे, बायको त्याला केळ्याची भजी देते. वर्तमानपत्रात आलंय, 'अधिकाऱ्याला ठार मारण्याची धमकी'. ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही ते येऊन खांद्यावर हात ठेवतात. माझ्या बढतीचा विषय निघालाय. धैर्य दाखवल्याबद्दल.

मलाच धमकी का, हे तू विचारणार नाहीस. तू हुशार आहेस. पण तरी लिहितो. तो गाढव मी.

साहेबांनी माझ्या टेबलावर पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही." मी वाचलं. सगळं वाचलं, आका, जनावरं खाली उतरतात तेही. मग समितीला काय हवंय ते मला दिसत होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, धाकटीची फी आहे. मी सौम्य लिहिलं. इतकं सौम्य की त्यातून काहीही निघू शकेल. त्यांना जे हवं होतं ते निघालं.

तुझं पातं टेबलावर ठेवून साहेब, एन्चिक मुस्तकीम, मला म्हणाले, "हे तुमच्या बाजूचं आहे का हो? काही अंदाज?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे कशासाठी पाठवतात. मग सांगावं लागलं असतं, ज्याचा जीव हललाय त्याला. मग विचारलं असतं, तुमचा का हलला?

सरकारी वकील म्हणतोय, हे पातं कोर्टात दाखवू. ज्या पुस्तकापायी लोक रक्ताळलेली पाती पाठवतात, ते शांततेला धोका नाही तर काय? १२ मेला तारीख आहे. पोलीस टपालाच्या शिक्क्यावरून माग काढताहेत. ते वर तुमच्याकडे येतील. त्यांना सांगा, आम्हाला काही माहीत नाही. कृपा करून एवढं करा. थोडे दिवस सगळ्यांनी गप्प बसलं की आपोआप निवळेल.

हे पत्र वाचून जाळ.

जारित


रुमाह एंगोंग, २८ एप्रिल

जारित,

जाळलं नाही. कुणाला वाचूनही दाखवलं नाही. मावशीला सांगितलं की तू बरा आहेस, भात खातोस.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी पोलीस आले. दोन पोरं होती, बूट काढून वर आली, जेवली, लाजत लाजत घरातल्या सगळ्या प्रती गोळा केल्या. माझी घेताना त्यातून वाळवीची माती पडली तर एकानं ती झाडूनसुद्धा दिली. मग त्यांनी लाल कापडाचा फोटो दाखवला आणि विचारलं, हे ओळखता का.

तू म्हणतोस तसं आम्ही म्हणायला हवं होतं, की माहीत नाही. पण ते आम्हाला सुचलंच नाही. त्यात लपवण्यासारखं काय आहे हे कुणालाच कळेना. तुआई म्हणाले, "लोखंड माझं. कापड सुलाईचं, कोंबडा रिन्याचा. काय झालं, पोचलं नाही का?"

पोरानं सांगितलं, ही धमकी आहे, गुन्हा आहे. तुआई आधी हसले. मग पोरगा हसत नाही म्हटल्यावर उठले, सदरा घातला. मी म्हटलं, पाकीट मी बांधलं, मला न्या. तर मलाच दटावलं, "तिघांत म्हातारा मी. तुझ्या तोंडापायी कोठडीतले उंदीर पळून जातील."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्यांनी कापितच्या ठाण्यात नेलंय. गुडघे दुखतात म्हणून त्यांना होडीत उचलून ठेवावं लागलं. उन्तिंग रोज खाली जाऊन भात देऊन येतो. परवा त्यांनी उन्तिंगकडे निरोप दिला, "जारितला कळवा, काळजी करू नकोस म्हणावं. लोखंड उशाखालीच ठेव."

लोखंड काय आहे ते त्या शहरात एकाच माणसाला माहीत आहे. मी आणखी काही लिहीत नाही.

वाडगा राहू दे तुझ्याकडे.

रिन्या


कुचिंग, १६ मे

आका रिन्या,

उन्तिंगच्या होडीनं हे पत्र पोचेपर्यंत तुआई घरी आलेले असतील. तरी लिहितो, कारण त्यांना अर्धंच माहीत असेल.

मला कोर्टात फक्त पाकीट कोणत्या तारखेला आलं ते सांगायला बोलावलं होतं. मी तेवढंच सांगणार होतो. खोटं कशाला बोलू, कोर्टाच्या पायऱ्या चढतानाही माझं तेच ठरलेलं होतं. वकिलानं पातं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून उंच धरलं आणि म्हणाला, "हे हत्यार तुम्हाला उद्देशून आलं?"

मी म्हटलं, "मला उद्देशून आलं. पण हे हत्यार नाही."

"मग काय आहे?"

"औषध आहे."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशावरचं?"

मी सांगितलं, कोयत्याच्या जुन्या पात्यापासून कोंबड्यापर्यंत सगळं. माझ्या आईनं कापड दिलंय, आणि जो म्हातारा कापितच्या कोठडीत आहे त्यानं मला पोहायला शिकवलंय. वकिलाचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच पाठीत कुणी ते पातं खुपसलंय.

मग चर्चच्या बाजूची वकील उठली. तिनं माझा अहवाल हातात घेतला. "हा तुमचाच?"

"हो."

"तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत?"

"हो."

"वाचताना तुमचा गोंधळ झाला?"

"नाही," मी म्हटलं. "अहवाल लिहिताना झाला."

याच्यापुढं मला फारसं आठवत नाही.

तुआईंना त्याच दिवशी सोडलं. बंदीवर न्यायाधीश बाईंनी काहीच ठरवलं नाही, पुढची तारीख दिली. पण काल आमच्याच खात्यानं दोन ओळींचं पत्रक काढून आदेश मागं घेतला. कारण दिलेलं नाही. त्यामुळं एकीकडचे लोक म्हणताहेत आम्ही जिंकलो, दुसरीकडचे म्हणताहेत हे तात्पुरतं आहे, आणि फलक कुणीच घरी नेलेले नाहीत. ते तसेच भिंतीला टेकून ठेवलेत, पुन्हा लागतील म्हणून. बहुतेक लागतीलच.

माझी चौकशी लावलीय. बढती अर्थातच गेली. निवृत्तीचं काय होईल ते कुणी सांगत नाही. कालपासून मला तळमजल्यावर बसवलंय, जुन्या दिनदर्शिकांच्या गठ्ठ्यांशेजारी. दारातला पोलीस उठला. बायकोला वाईट वाटलं.

एन्चिक मुस्तकीम खाली आले होते. कोर्टातून परत आलेलं पातं त्याच लाल कापडात गुंडाळून माझ्यापुढं ठेवलं. मग म्हणाले, "माझा थोरला जन्मला तेव्हा माझ्या आजीनं त्याच्या उशाखाली लोखंडी अडकित्ता ठेवला होता. बाळ दचकू नये म्हणून. चाळीस दिवस कुणाला हलवू दिला नाही." मी कापडाची घडी नीट केली. ते म्हणाले, "त्या दिवशी मला सांगितलं असतंत तर मला कळलं असतं हो."

मी इतके दिवस त्यांच्या कळण्याला घाबरत होतो.

पातं उशाखाली ठेवलंय. तरी दचकतोच अजून. किल्ल्या काढून वाडगा धुतला, तो टेबलावर उघडाच आहे.

गावाईच्या सणाला दोन आठवडे राहिलेत. येऊ की नको, हे विचारायचा मला हक्क आहे का, ते माहीत नाही. म्हणून विचारत नाही.

जारित


रुमाह एंगोंग, २३ मे

आदी जारित,

तुआई आले. कोठडीतल्या कॉफीला नावं ठेवत आले ते अजून ठेवताहेत. आपल्याला पकडलं याचं त्यांना काही नाही, पण कॉफीत साखर नव्हती ही गोष्ट ते सरकारला विसरू देणार नाहीत.

तुझं पत्र मी सगळं वाचून दाखवलं. आधीचं, न जाळलेलं, तेही. मावशी ऐकून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मग आली आणि मला म्हणाली, "त्या दिवशी मीही हसले होते ना?" मी तिच्या मांडीवर लसूण ठेवला, दोघींनी सोलला.

उन्तिंगला खालच्या नदीच्या लोकांची माफी मागावी लागणार असं दिसतंय. तो म्हणतो, मनातल्या मनात मागितली.

काल तुआईंनी पुन्हा सगळ्यांना बसवलं. तुझा दंड ठरलाय. कुणी डुक्कर म्हणत होतं, कुणी घागर. तुआई म्हणाले, "त्याला वाचता येतं ना? मग वाचू दे." खोका सिबूहून सुटलाय, एक कोपरा भिजलाय पण प्रती कोऱ्या आहेत. गावाईच्या सकाळी, सगळं घर जमल्यावर, तू रुआईच्या मधोमध उभा राहायचंस आणि नौकेतली जनावरं एकेक करून खाली उतरवायचीस. अडखळलास तर पोरं हसतील, आणि मी त्यांना थांबवणार नाही. काही म्हातारे तुझ्याशी बोलणार नाहीत. दोघांनी तसं आधीच सांगून ठेवलंय. ते सोसायचं. हत्तीनं काय खाल्लं याचंही उत्तर तयार ठेव.

तुझा विषय संपला असं वाटून मी उठत होते. तुआई म्हणाले, "तू बस. तुझं राहिलंय."

म्हटलं, माझं काय?

म्हणाले, "माणूस घाबरला की ज्याच्यामुळं घाबरला त्यानं लोखंडही द्यायचं आणि झाकणाचा वाडगाही द्यायचा. पाकीट कुणी बांधलं? कचेरीच्या पत्त्यावर कुणी धाडलं? नाव कुणी गाळलं? पोराच्या दारात पोलीस आणून बसवलास, आणि अर्धी रीत करून तत्त्व सांगत बसलीस."

मी उठले आणि फळीवरचं झाकण काढलं. रुआईवर सगळ्यांनी ते बघून घेतलं.

तेव्हा सोबत झाकण आहे. कडेला एक टवका उडालाय, तो जुना आहे, टपालवाल्यांवर ढकलू नकोस. नीट बसवून बघ, थोडं फिरवलं की बसतं. लोणचं यंदा झालं नाही, दुरियान वटवाघळांनी खाल्ले, म्हणून रिकामंच पाठवतेय.

पाकिटावर या वेळी तुझं नाव घातलंय आणि खाली माझं, मोठ्या अक्षरांत.

आका रिन्या